नवख्या विक्रेत्याकडून लिलावात खरेदी करताना

ऑनलाइन लिलावातील खरेदीविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. वस्तू निरनिराळ्या असल्या तरी काळजी एकच दिसते: विक्रेता अनोळखी आहे, त्याच्या नावावर फारसे व्यवहार नाहीत, अशा वेळी भरलेले पैसे बुडणार तर नाहीत ना? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : जुन्या फिल्म कॅमेऱ्यासाठी एक लेन्स मी बऱ्याच काळापासून शोधत आहे. ती आता ईबेवर लिलावात आली आहे. चालू बोली नेहमीच्या भावाच्या निम्म्याहून कमी आहे, परंतु विक्रेत्याचे खाते अलीकडेच उघडलेले असून त्याच्या नावापुढे एकही अभिप्राय नाही. पैसे पेपालने भरण्याची सोय आहे. खरेदीदाराला संरक्षण असते असे ऐकतो. त्या भरवशावर निर्धास्तपणे बोली लावावी का?

उत्तर : बोली लावायला हरकत नाही, निर्धास्त मात्र राहू नका. आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. विक्रेता भरवशाचा आहे का, हा एक. आणि तो भरवशाचा निघाला नाही तर पैसे कोणत्या वाटेने परत येतील, हा दुसरा. पहिल्याचे खात्रीचे उत्तर आपल्याला बोली लावण्यापूर्वी मिळणार नाही. दुसऱ्याचे मिळू शकते, म्हणून मी त्याच्यावर अधिक भर देईन.

ईबे 1995 मध्ये सुरू झाले आणि 1996 मध्ये तेथे अभिप्रायांची पद्धत आली. चांगल्या व्यवहाराला अधिक एक, वाईट व्यवहाराला उणे एक, मधल्याला शून्य, असा तिचा साधा हिशेब होता. या आकड्याचा खरा उपयोग असा की शेकडो व्यवहार सचोटीने करून ज्याने नाव कमावले आहे, त्याला एका लेन्ससाठी ते घालवणे परवडत नाही. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला खाते टाकून देऊन दुसरे उघडता येते. शून्य अभिप्राय म्हणजे लबाडीचा पुरावा नव्हे, कारण प्रत्येक विक्रेत्याची सुरुवात तेथूनच होते. पण बुडवण्यासारखे नाव अजून त्या माणसापाशी नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. ही उणीव संरक्षणाच्या नियमांनी भरून काढायची असते.

ते नियम काय देतात ते पाहू. ईबेच्या पैसे-परतीच्या हमीनुसार वस्तू आली नाही, मोडकी आली किंवा वर्णनाशी जुळत नसली, तर प्रत्यक्ष पोहोचल्यापासून किंवा अपेक्षित पोहोचण्याच्या शेवटच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. पेपालची मुदत पैसे भरल्यापासून 180 दिवसांची आहे. दोन्हीकडे अट अशी की पैसे त्यांच्याच अधिकृत मार्गाने, खरेदीचे पैसे म्हणून भरलेले असले पाहिजेत. वाहने आणि स्थावर मालमत्ता या हमीत येत नाहीत. विक्रेत्याच्या घरी जाऊन वस्तू हातात घेतली आणि पुढे ती मिळालीच नाही असा वाद निर्माण झाला, तर पेपाल त्या तक्रारीत संरक्षण देत नाही. वस्तू मनासारखी वाटली नाही, हे कारणही चालत नाही. आणखी एक गोष्ट मनात पक्की धरावी: हमी पैसे परत देते, लेन्स देत नाही, आणि तोपर्यंत आपली रक्कम काही आठवडे अडकून पडू शकते. जी रक्कम तेवढा काळ अडकली तर घरखर्चाची ओढाताण होईल, ती नवख्या विक्रेत्याकडे गुंतवू नये.

आता वर्णनाकडे या, कारण ‘वर्णनाशी जुळत नाही’ ही तक्रार वर्णनावरच उभी राहते. ‘तपासून पाहिलेली नाही’, ‘आहे त्या स्थितीत’, ‘मला यातले फारसे कळत नाही’ अशी वाक्ये असतील, तर विक्रेत्याने जबाबदारी आधीच अंगावरून झटकलेली असते आणि लेन्सच्या आत बुरशी निघाली तर वाद घालणे अवघड जाते. म्हणून बोलीपूर्वी त्याला थेट विचारा: काचेत बुरशी किंवा धूसरपणा आहे का, अॅपर्चरच्या पात्यांना तेल लागले आहे का, फोकसची कडी सैल तर झालेली नाही ना? अॅपर्चर पूर्ण उघडून, लेन्समागून टॉर्चचा उजेड टाकून काढलेला एक फोटो मागा आणि दुसऱ्या फोटोत लेन्सशेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. इतरांच्या जाहिरातींतून उचललेल्या फोटोंवर वस्तू विकणाऱ्याला ही चिठ्ठी देता येत नाही; ज्याच्या हातात खरोखर लेन्स आहे, त्याला त्यासाठी पाच मिनिटे पुरतात. हे सारे विचारणे ईबेच्या संदेशांतूनच करा. खासगी ईमेलवर किंवा फोनवर मिळालेली ग्वाही तक्रार पाहणाऱ्या माणसाच्या समोर येत नाही.

चालू बोली कमी असण्याला घाबरू नका. लिलावात बोली शेवटच्या काही मिनिटांत चढते, त्यामुळे दोन दिवस आधीचा आकडा फारसे काही सांगत नाही. हीच लेन्स निम्म्या किमतीला ‘आत्ता विकत घ्या’ अशी ठेवलेली असती, तर मी अधिक साशंक झालो असतो. बोली किती लावावी, हे ठरवायला मात्र एक जुना प्रयोग उपयोगी पडेल. संशोधक पॉल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डे विकून पाहिली. एकसारख्या पोस्टकार्डांच्या जोड्यांपैकी काही एका नावाजलेल्या विक्रेत्याच्या खात्यावरून आणि काही त्याच विक्रेत्याच्या नव्याने उघडलेल्या खात्यांवरून लिलावाला ठेवली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार खरेदीदार जुन्या खात्याला सुमारे 8.1 टक्के अधिक मोजायला तयार होते. पोस्टकार्ड ही स्वस्त वस्तू आहे. महागड्या लेन्सच्या बाबतीत फरक याहून मोठा ठेवणे शहाणपणाचे. भरवशाच्या विक्रेत्याला आपण जो भाव दिला असता, त्यातून जोखमीचा वाटा वजा करा आणि उरलेला आकडा आपली कमाल बोली म्हणून एकदाच भरा. ईबेची यंत्रणा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक पायरी वरपर्यंतच आपल्या वतीने बोली चढवते, त्यामुळे कमाल आकडा भरला म्हणजे तेवढे पैसे जातातच असे नाही. शेवटच्या मिनिटाला ईर्ष्येने तो आकडा वाढवलात, तर वर केलेला हिशेब वाया गेला असे समजा.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवा. अभिप्रायांचा मोठा आकडा दिसला की लोक पुढचे पाहत नाहीत. तो आकडा वस्तू विकून मिळाला की किरकोळ वस्तू विकत घेऊन, हे अभिप्रायांची यादी उघडल्यावर दिसते. वर्षानुवर्षे निपचित पडलेले खाते एकाएकी महागड्या वस्तूंची रांग लावू लागले, तर ते मूळ मालकाच्या हातून चोरीला गेलेले असण्याची शक्यता मी पहिल्यांदा धरतो. अशा खात्यापेक्षा शून्य अभिप्रायाचा, पण तारखेची चिठ्ठी मुकाट्याने पाठवणारा विक्रेता मला बरा वाटतो.

प्रश्न : एका मनगटी घड्याळाची बोली मी जिंकली. लगेच विक्रेत्याचा निरोप आला, की पैसे पेपालच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ पर्यायाने पाठवा, म्हणजे शुल्क वाचेल आणि तेवढी सूट तुम्हाला मिळेल. मी कचरलो, तेव्हा तो म्हणाला की मग एखाद्या एस्क्रो सेवेमार्फत व्यवहार करू, आणि त्याने एका संकेतस्थळाची लिंक पाठवली. त्रयस्थाकडे पैसे राहतात म्हणून हे सुरक्षित मानावे का?

उत्तर : दोन्ही नाकारा. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ हा पर्याय आप्तेष्टांना पैसे पाठवण्यासाठी आहे आणि त्या मार्गाने गेलेल्या रकमेला पेपालचे खरेदीदार-संरक्षण लागू होत नाही. आपण स्वतःच ती रक्कम खरेदीची नाही असे जाहीर केलेले असते, त्यामुळे पुढे खरेदी म्हणून दाद मागायला जागा उरत नाही. ईबेच्या बाहेर पैसे दिल्यामुळे ईबेची हमीही त्याच क्षणी सुटते. किरकोळ सुटीसाठी दोन हमींवर पाणी सोडायचे, असा हा प्रस्ताव आहे.

एस्क्रोची कल्पना मुळात चांगली आहे. खरेदीदार पैसे त्रयस्थाकडे ठेवतो, वस्तू मिळून ती तपासल्यावर त्रयस्थ ते विक्रेत्याला देतो, आणि मौल्यवान वस्तूंच्या बाबतीत मी ती सुचवतोही. पण त्रयस्थाची निवड विक्रेत्याने करून दिली, तर तो त्रयस्थ राहत नाही. नावाजलेल्या सेवेसारखे हुबेहूब दिसणारे बनावट संकेतस्थळ उभारणे, त्यावर ‘पैसे सुरक्षित जमा झाले’ असा संदेश दाखवणे आणि मग ते संकेतस्थळच बंद करणे, ही या क्षेत्रातील जुनी आणि अजूनही चालणारी फसवणूक आहे. एस्क्रो वापरायचीच असेल, तर सेवा आपण निवडा, तिचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा आणि पाठवलेल्या लिंकवर कधीही जाऊ नका.

रोख हस्तांतरणाच्या सेवा, गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टो चलन यांची मागणी झाली तर व्यवहार तेथेच थांबवा. हे पैसे एकदा गेले की परत मागण्याची सोय जवळपास नसते. फसवणूक करणारे वेस्टर्न युनियन या रोख हस्तांतरणाच्या कंपनीचा आग्रह का धरत, हे 2017 मध्ये अमेरिकेत उघडपणे समोर आले. ग्राहकांच्या फसवणुकीला आळा घालण्यात हयगय केल्याच्या प्रकरणात त्या कंपनीने 58.6 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

प्रश्न : एका लिलावात मी दुसऱ्या क्रमांकावर राहिलो. दुसऱ्या दिवशी ईमेल आला, की पहिल्या बोलीदाराने माघार घेतली असून आपल्या बोलीच्या रकमेला वस्तू मिळू शकते. हे खरे असू शकते का?

उत्तर : असू शकते. विजेत्याने पैसे भरले नाहीत किंवा विक्रेत्याकडे त्याच वस्तूचे अनेक नग असले, तर मागच्या बोलीदाराला ‘सेकंड चान्स ऑफर’ पाठवण्याची सोय ईबेवर आहे. परंतु हरलेल्या बोलीदाराचे मन हळहळत असते, हे भामट्यांनाही ठाऊक असल्यामुळे त्याच मजकुराचे खोटे ईमेल सर्रास पाठवले जातात. ईमेलमधील बटण दाबू नका. नेहमीप्रमाणे स्वतः खात्यात प्रवेश करा आणि तेथील संदेशांत ती ऑफर दिसते का पाहा. तेथे नसेल, तर ती खोटी आहे.

ऑफर खरी असली, तरी बोलींचा इतिहास एकदा उघडून पाहा. ज्याने आपल्याला मागे टाकले, त्याच्या नावावर किती अभिप्राय आहेत आणि त्याच्या अलीकडच्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या, हे ईबे दाखवते. ते प्रमाण शंभराच्या आसपास असेल आणि तो बोलीदार वारंवार माघार घेत असेल, तर विक्रेत्याच्याच माणसाने भाव चढवला असावा अशी दाट शंका येते. ईबेने अशा बोलींना बंदी घातली आहे. तसे दिसल्यास ऑफर नाकारून ईबेला कळवा; ते शक्य नसेल, तर निदान त्या फुगलेल्या आकड्याला वस्तू घेऊ नका.

प्रश्न : ट्रॅकिंगमध्ये पार्सल ‘पोहोचवले’ असे दाखवत आहे, पण माझ्या हाती काहीच आलेले नाही. विक्रेता अतिशय नम्रपणे सांगतो, की टपालखात्याकडे चौकशी चालू आहे, थोडे थांबा. तक्रार केलीत तर माझे खाते गोठेल आणि मला पैसे परत करता येणार नाहीत, असेही तो म्हणतो. त्याला अजून वेळ द्यावा का? शिवाय तक्रार केल्यावर तो माझ्याविषयी वाईट अभिप्राय देईल, अशी भीती वाटते.

उत्तर : वेळ द्या, पण तक्रार नोंदवून मग द्या. हे दोन्ही एकत्र करता येते. तक्रार नोंदवली म्हणून प्रामाणिक विक्रेत्याला पैसे परत करण्यात कोणतीही अडचण येत नाही. उलट परतावा त्याच तक्रारीतून दिला जातो. ‘थोडे थांबा’ या शब्दांत ईबेचे 30 दिवस कसे निघून जातात, हे कळतही नाही, आणि आपले पत्र वाचताना मला त्याचीच सर्वांत अधिक काळजी वाटली. अभिप्रायाची भीती सोडून द्या. 2008 पासून ईबेवर विक्रेता खरेदीदाराला वाईट अभिप्राय देऊच शकत नाही.

पेपालवर एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे लोक हातचे गमावतात. तेथे आधी ‘डिस्प्यूट’ उघडायचा असतो, म्हणजे विक्रेत्याशी बोलणी. तोडगा निघाला नाही, तर 20 दिवसांच्या आत त्याचे ‘क्लेम’मध्ये रूपांतर करायचे, म्हणजे निर्णय पेपालकडे जातो. 20 दिवस उलटले की डिस्प्यूट आपोआप बंद होतो, आणि एकदा बंद झालेला तो पुन्हा उघडता येत नाही. ‘तुम्ही तक्रार मागे घ्या, मी लगेच पैसे पाठवतो’ असे विक्रेता म्हणाला, तर पैसे प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत ती मागे घेऊ नका.

आता त्या ‘पोहोचवले’ या शब्दाविषयी. ट्रॅकिंगच्या पानावर बहुधा शहर किंवा टपाल विभागच दिसतो; घरक्रमांक आणि गल्ली दिसत नाही. याचा फायदा घेऊन काही विक्रेते आपल्याच भागातील भलत्याच पत्त्यावर एक रिकामे पाकीट पाठवतात. यंत्रणेच्या लेखी पार्सल पोहोचलेले असते, आणि केवळ तेवढ्यावर निर्णय झाला तर आपण हरतो. म्हणून तो ट्रॅकिंग क्रमांक घेऊन टपाल कार्यालयात किंवा कुरिअरच्या शाखेत स्वतः जा. पार्सल कोणत्या पत्त्यावर दिले, कोणाच्या सहीने दिले आणि नोंदलेले वजन किती होते, हे विचारा. पत्ता आपला नव्हता एवढे जरी त्यांनी लेखी दिले, तरी तो कागद तक्रारीला जोडा. वजनाची नोंदही बोलकी असते: पाऊण किलोच्या वस्तूचे पार्सल पन्नास ग्रॅमचे कसे, याचे उत्तर विक्रेत्याला द्यावे लागते.

पार्सल आले पण आत भलतीच वस्तू निघाली, अशीही तीन पत्रे आहेत. त्यांनाही वजनाचाच आधार घेता येईल. खोका उघडण्यापूर्वी लेबल, चिकटपट्टी आणि वजनाचा आकडा दिसेल असा व्हिडिओ सुरू करा आणि वस्तू बाहेर येईपर्यंत कॅमेरा बंद करू नका. याने निकाल नक्की आपल्या बाजूने लागेल असे नाही, पण पुराव्याशिवाय गेलेल्या तक्रारीपेक्षा आपली बाजू कितीतरी भक्कम होते. खोका, भराव आणि लेबल निकाल लागेपर्यंत टाकू नका. वस्तू परत पाठवायला सांगितली, तर ट्रॅकिंग असलेल्या सेवेनेच पाठवा, नाहीतर ती परत मिळालीच नाही असे म्हणायला विक्रेत्याला वाव मिळतो.

ईबे आणि पेपाल दोन्हीकडून निराशा झाली आणि मूळ रक्कम कार्डवरून गेलेली असेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डवरून गेलेल्या रकमेची परतफेड, मागता येतो. वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीसाठी व्हिसाच्या नियमांत साधारण 120 दिवसांची मुदत असते, पण आपल्या बँकेला आजच विचारून तारीख लिहून ठेवा. एका वेळी एकाच दारात उभे राहा: चार्जबॅक दाखल केला की पेपाल आपल्याकडील दावा बंद करते, म्हणून ती वाट शेवटी वापरावी. शेवटी म्हणजे मुदत संपल्यावर नव्हे.

प्रश्न : मी स्वतः नवीन विक्रेती आहे. आजीने जमवलेली टपाल तिकिटे विकायची आहेत, पण अभिप्राय शून्य असल्यामुळे कोणी बोलीच लावत नाही. लोकांचा विश्वास कसा मिळवावा?

उत्तर : आपली बाजू या चर्चेत सहसा कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र आवर्जून घेतले. नवख्या विक्रेत्यांपैकी पुष्कळ जण आपल्यासारखेच असतात, आणि वर ज्या खबरदाऱ्या सांगितल्या त्यांचा भुर्दंड त्यांनाही सोसावा लागतो. तो सुरुवातीच्या काही व्यवहारांपुरता सोसणे भाग आहे. संग्रहातील सर्वांत मौल्यवान तिकिटे आत्ताच काढू नका. साधी तिकिटे आधी विका, म्हणजे कमी भावाचा तोटा लहान वस्तूंवर जाईल. प्रत्येक तिकिटाची पुढची आणि मागची बाजू स्कॅन करून द्या, डिंक, बिजागरीच्या (तिकीट अल्बममध्ये चिकटवण्याच्या कागदी पट्टीच्या) खुणा, दातऱ्यांची मोडतोड यांचा उल्लेख आपणहून करा आणि परतीची मुभा ठेवा. संग्राहक याच गोष्टी पाहतात, आणि दोष स्वतः सांगणाऱ्या विक्रेत्याकडे ते पुन्हा येतात. नव्या विक्रेत्यांची रक्कम ईबे सुरुवातीला काही काळ रोखून ठेवते. त्याने बिचकू नका आणि ती लवकर सुटावी म्हणून खरेदीदाराला बाहेरून पैसे पाठवायला कधीही सांगू नका. या उत्तरांचे वाचन केलेला खरेदीदार त्याच क्षणी बोली मागे घेईल. पाकीट पाठवताना ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी ईबेवर नोंदवा, आणि खरेदीदाराने तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागितला, तर मनाला लावून न घेता तो पाठवा.